रेंज फुल, नेट गुल: एका टॉवरवर इतके लोक मावतात कसे?

(पॉडकास्ट भागाचं लेखी रूप. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय तुमच्यापैकीच अनेकांनी विचारलेल्या प्रश्नातून आलाय. विसर्जन मिरवणुकीत, मॅचला, नाहीतर संध्याकाळी दादरच्या पुलावर मोबाईल काढला की वर रेंज फुल दिसते, ५जी असं लिहिलेलंही असतं, आणि तरी साधा फोटो जात नाही. यूपीआयचं चक्र नुसतं फिरत राहतं. भेळवाला आपल्याकडे बघतो, आपण फोनकडे बघतो, मागे रांग वाढते. असं का होतं?

"टॉवरवर लोड आहे" हे नेहमीचं उत्तर. ते खरंच आहे, पण अर्धं. कारण लोड म्हणजे नेमकं काय, हे त्यातून कळत नाही. हवेत जागा संपते का? आणि संपत असेल, तर तेवढ्याच जागेत जास्त माणसं बसवता येतात का? गेली तीसेक वर्षं जगभरातले इंजिनिअर या दुसऱ्या प्रश्नामागे लागलेत. त्याचं उत्तर म्हणजे आजचा आपला विषय: अनेक अँटेना वापरून एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेकांशी बोलायचं आणि तरी एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जाऊ द्यायचं नाही. या कहाणीत पुणे आणि लोणावळाही येणार आहेत, तेव्हा शेवटपर्यंत थांबा.

गोंगाट वेगळा, इंटरफिअरन्स वेगळा

आधी एक फरक समजून घेऊ. रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की जी खरखर येते, तो नॉइज, गोंगाट. तो कुणी मुद्दाम पाठवलेला नसतो. पण शेजारच्या दोन मंडळांचे स्पीकर एकाच चौकात लागले आणि दोन गाणी एकमेकांत मिसळली, तर तो इंटरफिअरन्स. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात त्याला व्यतिकरण म्हणतात. दोन्ही गाणी आपापल्या जागी चांगलीच असतात, पण माझ्यासाठी तुमचं गाणं हा अडथळा आणि तुमच्यासाठी माझं.

गोंगाटावर एक सोपा उपाय असतो: आवाज वाढवा. इंटरफिअरन्सवर तो चालत नाही. एका मंडळाने आवाज वाढवला की दुसरंही वाढवतं, आणि चौकातल्या माणसाला शेवटी काहीच ऐकू येत नाही. मोबाईलचंही तसंच आहे. म्हणून "टॉवरची पॉवर वाढवा की" ही सूचना गर्दीच्या जागी फारशी कामाची नाही.

तुमच्या फोनवरच्या दांड्या साधारणपणे टॉवरचा सिग्नल किती जोरात येतोय एवढंच दाखवतात. त्या सिग्नलच्या मानाने बाकीची भेसळ किती आहे, हे त्या सांगत नाहीत. आणि तुमचा वेग ठरतो तो या दुसऱ्या गोष्टीवर, आणि टॉवरच्या वेळेतला किती वाटा तुमच्या वाट्याला येतो त्यावर. "रेंज फुल, नेट गुल" या कोड्याची पहिली गाठ इथे सुटते.

जुने उपाय: वाटून खा

इंटरफिअरन्स टाळायचा सगळ्यात जुना मार्ग म्हणजे वाटणी. तू या फ्रिक्वेन्सीवर बोल, मी त्या. किंवा आधी तू बोल, मग मी. आपल्या जुन्या २जी फोनमध्ये, म्हणजे जीएसएममध्ये, दोन्ही होतं. दोनशे किलोहर्ट्झचा एक पट्टा आणि त्यात वेळेचे आठ तुकडे. आठ जण आळीपाळीने, पण इतक्या भराभर, की कुणालाच आपण थांबतोय असं वाटत नाही. शिवाय एका टॉवरची फ्रिक्वेन्सी लगतच्या टॉवरला द्यायची नाही, हा नियम होताच.

वाटणी न्याय्य असते, पण ताटातलं वाढत नाही. माणसं दुप्पट झाली की प्रत्येकाचा घास निम्मा. आणि हे ताट स्वस्त नाही बरं का. २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावात ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची देशभरासाठीची राखीव किंमत होती दर मेगाहर्ट्झला ३१७ कोटी रुपये. शंभर मेगाहर्ट्झ घ्यायचे तर ३१,७०० कोटी. हा पैसा फिरून शेवटी तुमच्या-माझ्या रिचार्जमध्येच येतो. तेव्हा त्याच शंभर मेगाहर्ट्झमधून एकाऐवजी आठ जणांना एकाच वेळी वाढता आलं, तर तो फक्त इंजिनिअरच्या कौतुकाचा विषय राहत नाही. तो तुमच्या खिशाचाही विषय होतो.

कागद-पेन घ्या

आता मुख्य युक्ती. कागद-पेन असेल तर घ्या. गाडी चालवत असाल तर नुसतं ऐका, आकडे सोपे आहेत.

टॉवरवर दोन अँटेना आहेत. खाली दोन फोन: एक सुमनताईंचा, एक बाळूचा. सुमनताईंच्या फोनला पहिला अँटेना पूर्ण ऐकू येतो, म्हणजे १, आणि दुसरा अर्धा, म्हणजे ०.५. बाळूचं उलटं: पहिला ०.५, दुसरा १. टॉवरला सुमनताईंना 'स' पाठवायचाय आणि बाळूला 'ब'. एकाच क्षणी, एकाच फ्रिक्वेन्सीवर.

भोळेपणाने पहिल्या अँटेनावरून 'स' आणि दुसऱ्यावरून 'ब' पाठवला, तर सुमनताईंना ऐकू येतं 'स' अधिक अर्धा 'ब'. बाळूला 'ब' अधिक अर्धा 'स'. भेळ झाली.

आता जरा हुशारी करू. पहिल्या अँटेनावरून पाठवायचं 'स' वजा अर्धा 'ब'. दुसऱ्यावरून 'ब' वजा अर्धा 'स'. सुमनताईंकडे काय पोचतं बघा. पहिल्याकडून 'स' वजा ०.५ 'ब'. दुसरा त्यांना निम्माच ऐकू येतो, म्हणून ०.५ 'ब' वजा ०.२५ 'स'. बेरीज करा. 'ब' पूर्ण उडाला! उरला फक्त ०.७५ 'स'. बाळूकडेही तसंच, फक्त ०.७५ 'ब'.

काय झालं? टॉवरने आधीच ओळखलं की सुमनताईंच्या कानावर 'ब' किती पडणार, आणि तेवढाच उलटा 'ब' दुसऱ्या वाटेने पाठवून दिला. झोपाळ्याला एकाने पुढून आणि एकाने मागून, एकाच वेळी, सारखाच धक्का दिला तर झोपाळा जागचा हलत नाही, तसं. फोनला काहीच वेगळं करावं लागलं नाही, सगळी मेहनत टॉवरची. या पद्धतीला झीरो फोर्सिंग म्हणतात. दुसऱ्याच्या कानावर शून्यच पडलं पाहिजे, अशी सक्ती. गणित शिकलेल्यांनी ओळखलंच असेल, हा मॅट्रिक्सचा व्यस्त काढण्याचा प्रकार आहे. खऱ्या सिग्नलमध्ये जोराबरोबर लाटेचा टप्पाही धरावा लागतो, पण हिशेबाचा गाभा हाच.

फुकट काहीच नसतं

आता आकडे थोडे बदलू. समजा सुमनताई आणि बाळू अगदी शेजारी उभे आहेत आणि दोघांना दोन्ही अँटेना जवळजवळ सारखेच ऐकू येतात: आपला १ आणि दुसरा ०.९. तीच युक्ती लावा. सुमनताईंकडे उरतं १ वजा ०.८१, म्हणजे ०.१९ 'स'. भेसळ शून्य, हे खरं. पण स्वतःचा आवाजही जवळजवळ गेला.

शक्तीच्या हिशेबात बघितलं तर फरक भयंकर आहे. शक्ती म्हणजे आवाजाचा वर्ग. पहिल्या उदाहरणात प्रत्येक अँटेनाने १.२५ एकक शक्ती खर्च केली आणि उपयोगी पोचली ०.५६, म्हणजे सुमारे ४५ टक्के. दुसऱ्यात खर्च १.८१ आणि पोचली ०.०३६. फक्त २ टक्के! बाकी सगळी शक्ती एकमेकांना खोडण्यात गेली. त्यात साधी खरखर मिसळली की संपलंच.

म्हणून व्यवहारात शंभर टक्के खोडायचा हट्ट धरत नाहीत. थोडी भेसळ राहू देतात आणि त्या बदल्यात आवाज वाचवतात. खरखर जास्त असेल तर खोडणं कमी, खरखर कमी असेल तर खोडणं जास्त. शेजाऱ्याशी जुळवून घ्यायचा मामला म्हणा ना.

इथे सिद्धांताची एक सुंदर गोष्ट सांगतो. १९८३ मध्ये मॅक्स कोस्टा यांनी एक निबंध लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ "मळक्या कागदावर लिहिणं". कागदावर आधीच डाग आहेत. लिहिणाऱ्याला डाग कुठे आहेत ते दिसतंय, वाचणाऱ्याला मात्र डाग कुठला आणि शाई कुठली ते कळत नाही. तरीही, लिहिणारा हुशार असेल, तर कोऱ्या कागदावर जेवढा मजकूर मावतो तेवढाच या कागदावरही मावतो, असं त्यांनी सिद्ध केलं. डागांशी भांडायचं नाही, त्यांना धरूनच अक्षर काढायचं. पुढे वीसेक वर्षांनी कळलं, की एक टॉवर आणि अनेक फोन या प्रश्नात जास्तीत जास्त किती पाठवता येईल, त्याची मर्यादा याच मार्गाने गाठता येते. कारण बाळूला जाणारा सिग्नल हा सुमनताईंच्या कागदावरचा डाग, आणि तो टॉवरला आधीच माहीत असतो! ही पद्धत तंतोतंत राबवायची तर हिशेब फार जड होतो, म्हणून प्रत्यक्षात आपल्या वजाबाकीच्या कुटुंबातल्याच पद्धती चालतात. पण गाडी कुठवर नेता येईल, तो मैलाचा दगड कोस्टांच्या कल्पनेने दाखवला.

पुणे आणि लोणावळा

आता वचन दिल्याप्रमाणे पुणे. थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ चा, पुण्यातला. घरची भाषा मल्याळम, शाळा सेंट व्हिन्सेंट्स. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये टेलिकम्युनिकेशनची पदवी, १९६१ मध्ये एमआयटीची डॉक्टरेट, आणि मग स्टॅनफर्ड विद्यापीठ.

दुसरे आरोग्यस्वामी पॉलराज. तमिळनाडूचे, पण शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत आणि लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात. नौदलात असताना त्यांनी 'अप्सोह' नावाची सोनार यंत्रणा उभी केली. सोनार म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधणं. त्यात एक कान पुरत नाही, कानांची रांग लागते. कुठल्या कानावर आवाज किती आधी पोचला, त्यावरून तो कुठून आला ते ओळखायचं आणि इतर आवाजांपासून वेगळा काढायचा. आपल्या विषयाचीच ही पाण्यातली बहीण.

नौदलातून निवृत्त झाल्यावर पॉलराज स्टॅनफर्डला कैलाथ यांच्याकडे गेले. तिथे एकाच फ्रिक्वेन्सीवरचे दोन सिग्नल वेगळे काढण्याचे प्रयोग चालू होते. प्रक्षेपक एकमेकांच्या फार जवळ आले की ते वेगळे निघू नयेत, अशी अपेक्षा. आपलं ०.९ चं उदाहरण आठवा. पण आजूबाजूच्या वस्तूंवर आपटून लाटा विखुरल्या, की जवळचे सिग्नलही वेगळे निघत होते! तोवर भिंतींवरून परतणाऱ्या लाटा म्हणजे रेडिओ इंजिनिअरची डोकेदुखी. इथे तीच डोकेदुखी औषध ठरली. दोन फोन हातभर अंतरावर असले तरी भिंती, गाड्या, माणसं यांवरून येणाऱ्या लाटांचं मिश्रण दोघांकडे वेगवेगळं असतं. दोघांची ही रेडिओ-सही वेगळी असते. या कल्पनेचं पेटंट पॉलराज आणि कैलाथ यांना १९९४ मध्ये मिळालं. पुढे बेल लॅब्जमध्ये फॉशिनी आणि तेलातार यांनी दाखवून दिलं की दोन्ही टोकांना अँटेना वाढवत गेलं की क्षमताही त्या प्रमाणात वाढत जाते. या सगळ्याला नाव पडलं मायमो. आज तुमच्या घरच्या वाय-फायच्या डब्यावर जे दोन-चार दांडके दिसतात, ते याचेच वंशज.

चौसष्ट नाणी

दोनाऐवजी चौसष्ट अँटेना लावले तर? आपल्याकडे ५जीच्या टॉवरवर दाराच्या फळीसारखे चपटे डबे दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच डब्यांत असे चौसष्ट स्वतंत्र मार्ग असतात. २०१० मध्ये बेल लॅब्जच्या थॉमस मार्झेट्टा यांनी मांडलेली कल्पना ही: अँटेना फोनच्या संख्येपेक्षा खूप जास्त ठेवा, अर्धा प्रश्न आपोआप सुटतो.

कसा? प्रत्येक फोनची सही म्हणजे चौसष्ट नाण्यांची ओळ समजा. छापा म्हणजे अधिक एक, काटा म्हणजे उणे एक. टॉवर सुमनताईंच्या सहीप्रमाणे पाठवतो. त्यांच्याकडे चौसष्टच्या चौसष्ट जुळतात, बेरीज ६४. बाळूच्या सहीशी मात्र काही जुळतात, काही विरुद्ध जातात, आणि बेरीज साधारण ८ च्या आसपास राहते, कारण ८ हे ६४ चं वर्गमूळ. चौसष्टला आठ, म्हणजे शक्तीत चौसष्टावा भाग. चारच अँटेना असते तर चाराला दोन, म्हणजे शक्तीत चौथा भाग. अँटेना वाढले की दुसऱ्याच्या कानावर पडणारं आपोआप कमी होतं, आणि उरलंसुरलं खोडायला फार शक्ती लागत नाही.

२०१६ मध्ये ब्रिस्टल आणि लुंड विद्यापीठांच्या गटाने १२८ अँटेना लावून एकाच २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एकाच वेळी २२ जणांना सेवा दिली. सगळे मिळून दर हर्ट्झला, दर सेकंदाला १४५.६ बिट, म्हणजे त्या छोट्या पट्ट्यात सुमारे २.९ गिगाबिट. प्रयोग होता इमारतीच्या आत. बाहेर रस्त्यावर मात्र गोष्ट वेगळी होते.

शिळी बातमी

कारण या सगळ्याचा पाया एकच आहे: टॉवरला प्रत्येकाची सही माहीत हवी. त्यासाठी फोन अधूनमधून एक ठरलेला सिग्नल पाठवतो, आणि टॉवर त्यावरून सही वाचतो. जाण्या-येण्याची फ्रिक्वेन्सी एकच असेल, तर जातानाची वाट आणि येतानाची वाट सारखीच असते, हा निसर्गाचा आशीर्वाद.

पण सही बदलते. ३.५ गिगाहर्ट्झला लाटेची लांबी साडेआठ सेंटिमीटर. फोन निम्मी लांबी, म्हणजे सव्वाचार सेंटिमीटर सरकला की सही पार बदलू शकते. चालणारा माणूस एवढं अंतर सुमारे ३० मिलिसेकंदांत कापतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी अडीच मिलिसेकंदांत! आणि नेमकं खोडायला लागणारी माहिती त्याच्याही बरीच आधी शिळी होते. शिळ्या माहितीवर वजाबाकी केली तर 'ब' उडत नाही, नको तिथे उरतो.

दुसरी अडचण, वेगवेगळे ठरलेले सिग्नल मर्यादित असतात. शेजारच्या टॉवरखालचा फोनही तोच सिग्नल पाठवत असेल, तर टॉवरला दोन सह्या एकात एक मिसळून दिसतात. मग तो आपल्या माणसाकडे पाठवताना नकळत त्या परक्याकडेही पाठवतो. अँटेना कितीही वाढवले तरी ही भेसळ नुसत्या त्यांच्या जोरावर जात नाही, हे मार्झेट्टांनी त्याच निबंधात दाखवलं होतं.

पंगतीत कुणाला बसवायचं?

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. टॉवरखाली आहेत दोनशे जण आणि एका वेळी बसवता येतात, समजा, आठ. कुठले आठ? हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला शेड्यूलर म्हणतात.

पहिला नियम, सह्या वेगळ्या असलेलेच एकत्र बसवायचे. ०.९ वाली जोडी एका पंगतीत नको, त्यांना वेगळी वेळ द्यायची. गर्दी खचाखच असली की अशा सारख्या सह्यांच्या जोड्या वाढतात आणि पंगत लहान होत जाते.

पण दुसरा नियम तंत्राचा नाही, न्यायाचा आहे. फक्त एकूण वेग जास्तीत जास्त करायचा ठरवलं, तर टॉवर नेहमी जवळच्या, चांगल्या सिग्नलवाल्यांनाच बसवेल. लांबच्या वस्तीतल्या माणसाची पाळी कधीच येणार नाही, आणि कागदावर मात्र नेटवर्कचा आकडा झकास दिसेल. म्हणून एक सोपा भागाकार करतात: आत्ता किती वेग मिळू शकतो, भागिले आजवर सरासरी किती मिळाला. जवळच्याला आत्ता १०० मिळू शकतात, सरासरी ५० मिळालेत, भागाकार २. लांबच्याला आत्ता ६ च मिळू शकतात, पण सरासरी २ च मिळालेत, भागाकार ३. पाळी लांबच्याची! किती छान आहे ना? पण या भागाकाराला किती वजन द्यायचं, तो माणूसच ठरवतो. "आमचा सरासरी वेग अमुक" अशी जाहिरात वाचाल तेव्हा विचारा, की सगळ्यात शेवटी बसलेल्याच्या पानात काय पडलं?

तर, दादरच्या पुलावर काय होतं? सिग्नलचा जोर भरपूर, म्हणून दांड्या फुल. पण सह्या पटापट बदलताहेत, शेजारच्या टॉवरची भेसळ आहे, पंगतीसाठी रांग लांब आहे, आणि फोनकडून टॉवरकडे जायच्या वाटेवरही सगळे एकदम ओरडताहेत. यूपीआयला डेटा अगदी थोडा लागतो, पण त्या थोड्यासाठीही आधी नंबर लागावा लागतो. म्हणून गर्दीत व्हिडिओ पाठवायचा मोह आवरा. तुमचा तो एक व्हिडिओ पाठवायच्या रांगेत भेळवाल्याचे पैसे अडकलेले असू शकतात.

पुढच्या भागात बघू, टॉवरच टॉवरशी बोलून एकमेकांची भेसळ कशी कमी करू शकतात. प्रश्न असतील तर जरूर पाठवा, आजचा भाग तुमच्याच प्रश्नातून निघाला.